परतून आलेला पिता

बंगळूर शहरात सिद्धय्या मार्गावर ‘न्याय देगुल’ नावाची एक मोठी इमारत आहे. कन्नड ‘देगुल’ आणि मराठी ‘देऊळ’ ही एकाच ‘देवकुल’ शब्दाची लेकरे. तेव्हा हे नाव मराठी माणसाला परके वाटण्याचे कारण नाही. या देवळात कुटुंब न्यायालय भरते. येथे नवस फेडायला कोणी येत नाही. येतात ती मोडलेल्या संसारांची माणसे, आणि पुष्कळदा त्यांच्या बोटाला धरून एखादे मूल. या न्यायालयापुढे येणाऱ्या दाव्यांत फार अवघड दावा कोणता असेल, तर तो काही वर्षे दृष्टीआड राहून एके दिवशी दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या पित्याचा. ‘हे मूल माझ्या रक्ताचे आहे, ते माझ्या स्वाधीन करा,’ एवढेच त्याचे मागणे असते. त्याच्या दृष्टीने हे एकच वाक्य आहे. कायदा मात्र त्या एका वाक्याचे तीन प्रश्न करतो.

पहिला प्रश्न रक्ताचा: मूल खरोखर कोणापासून झाले? दुसरा प्रश्न नात्याचा: कायद्याच्या दृष्टीने त्याचा पिता कोण? आणि तिसरा प्रश्न घराचा: त्या मुलाने आज, उद्या आणि परवा कोणाच्या छायेत वाढावे? सामान्य माणसाची समजूत अशी, की पहिल्या प्रश्नाचे उत्तर हाती आले म्हणजे उरलेली दोन आपोआप मिळतात. भारतीय कायद्याची रचना नेमकी याच्या उलट आहे. येथे पहिला प्रश्न पुष्कळदा विचारूच दिला जात नाही. आणि विचारला, त्याचे उत्तर पित्याच्या बाजूने आले, तरी तिसरा प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो.

हा वाद नवा नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज श्रेष्ठ की क्षेत्र श्रेष्ठ, अशी मोठी चर्चा आहे. दुसऱ्याच्या शेतात एखाद्याचे बी पडले, तर येणारे पीक कोणाचे? पेरणाऱ्याचे की शेताच्या धन्याचे? आगाऊ करार झालेला नसेल तर पीक क्षेत्राच्या धन्याचे, असा कौल तेथे दिला आहे. स्त्रीला शेत मानणारी ही उपमा आजच्या मनाला रुचणार नाही, आणि ती रुचू नये हेच योग्य. परंतु त्या उपमेच्या मागचा व्यवहार ओळखण्यासारखा आहे. समाजाला मूल कोणाच्या तरी घरी नांदते ठेवायचे होते. बीज शोधत हिंडायचे नव्हते.

इंग्रजी अमदानीत १८७२ साली भारतीय पुरावा कायदा झाला, तेव्हा त्याच्या ११२ व्या कलमाने तोच व्यवहार निराळ्या भाषेत सांगितला. वैध विवाह चालू असताना जन्मलेले मूल, किंवा विवाह संपुष्टात आल्यापासून २८० दिवसांच्या आत, आईने दुसरा विवाह केलेला नसताना जन्मलेले मूल, हे त्या पतीचेच औरस अपत्य होय. एवढी गोष्ट सिद्ध झाली की तो निर्णायक पुरावा. यातून सुटण्याची वाट एकच. ज्या काळात गर्भ राहणे शक्य होते, त्या काळात पतिपत्नींना एकमेकांच्या सहवासाची संधीच नव्हती, असे दाखवून दिले पाहिजे. प्रत्यक्ष सहवास घडला की नाही हा मुद्दा नाही. संधी होती की नाही, हा मुद्दा आहे; १९३४ साली प्रिव्ही कौन्सिलने हा अर्थ स्पष्ट केला आणि तो आजवर टिकला आहे. जुना पुरावा कायदा जाऊन त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून अमलात आला. त्याच्या ११६ व्या कलमात हा नियम जवळजवळ शब्दशः उतरला आहे. दीडशे वर्षांत विमाने आली, रक्ताच्या थेंबातून वंश वाचण्याची विद्या आली. हे कलम मात्र जागचे हलले नाही.

परतून येणारे पिते सारे एका जातीचे नसतात. पहिला प्रकार म्हणजे ज्याच्या पितृत्वाविषयी कोणालाच शंका नाही असा, विवाहबंधनातला पती. तो कामधंद्यासाठी परमुलखी गेला, रुसून गेला किंवा दुसरा संसार मांडून बसला, आणि काही वर्षांनी मुलाची आठवण होऊन आला. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे मुलाचा नैसर्गिक पालक प्रथम पिता आणि ‘त्याच्यानंतर’ माता. मात्र पाच वर्षांखालील मूल सामान्यतः मातेजवळ राहावे. ‘त्याच्यानंतर’ या एका शब्दावर पुष्कळ काळ अनेक मातांचे नशीब अडून राहिले होते. त्याच्यानंतर म्हणजे तो मेल्यानंतर, असाच अर्थ बहुतेक जण करीत.

ही अढी सैल करण्याचे श्रेय महाराष्ट्रातून गेलेल्या एका साध्या खटल्याला आहे. वाद होता शेतजमिनीच्या कुळवहिवाटीचा. अज्ञान मुलीच्या वतीने तिच्या आईने व्यवहार केला होता. वडील हयात होते. परंतु पतिपत्नींचे बिनसून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता आणि मुलीचे सारे काही आईच पाहत होती. हयात असूनही जो नसल्यासारखा आहे, त्याच्या ठायी पालकत्व कसे राहील? १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने आईलाच नैसर्गिक पालक मानले. पुढे लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी अर्ज केला, तेव्हा वडिलांची सही मागण्यात आली. त्या वादातून १७ फेब्रुवारी १९९९ रोजी जो निकाल आला, त्याने ‘त्याच्यानंतर’ म्हणजे ‘त्याच्या अनुपस्थितीत’ असा अर्थ कायम केला. ही अनुपस्थिती मृत्यूचीच असली पाहिजे असे नाही. मुलाकडे पूर्ण पाठ फिरवणे हीदेखील अनुपस्थितीच. तेव्हा परतून आलेल्या पित्याला हे ध्यानात घ्यावे लागते, की त्याच्या मागे त्याची जागा रिकामी राहिलेली नसते.

दुसरा प्रकार अविवाहित मातेच्या मुलाच्या पित्याचा. येथे ११२ वे कलम आड येत नाही, कारण मुळात विवाहच नाही. पण कायद्याचा क्रमही उलटा आहे: अशा मुलाची नैसर्गिक पालक प्रथम माता, आणि तिच्यानंतर पिता. दिल्लीतील एका अविवाहित मातेने पालकत्वासाठी अर्ज केला, त्या वेळी पित्याचे नाव सांग, त्याला नोटीस गेली पाहिजे, असे खालच्या न्यायालयांनी तिला बजावले. तिने नाव सांगण्यास नकार दिला. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिची बाजू उचलून धरली. ज्याने मुलासाठी काही केलेले नाही, त्याला नोटीस पाठवण्याची सक्ती नाही. आणि जन्माचा दाखला मागणाऱ्या अशा मातेकडून केवळ प्रतिज्ञापत्र घ्यावे, असा निर्वाळा त्याने दिला. तरीही पित्याचा मार्ग अगदीच बंद झाला असे नाही. तो मागाहून आला आणि मुलाच्या हिताचा काही मुद्दा त्याच्याजवळ असला, तर पालकत्वाचा हुकूम पुन्हा तपासून पाहता येतो. त्यासाठी त्याला आपले पितृत्व सिद्ध करावे लागेल, आणि ते सिद्ध होताच पहिल्याने त्याच्या पदरात पडेल ती पोटगीची जबाबदारी. मूल औरस असो वा अनौरस, पोटगीचा कायदा त्या दोघांत भेद करीत नाही. हक्क मागायला आलेला माणूस बिल घेऊन परत जाण्याची शक्यता येथे बरीच असते.

तिसरा प्रकार सर्वांत नाजूक. मूल जन्मले तेव्हा आई दुसऱ्याची विवाहिता पत्नी होती, आणि आता कोणी तिऱ्हाईत म्हणतो, की खरा पिता मी. याच्या वाटेत ते १८७२ चे कलम कड्यासारखे उभे आहे. पतिपत्नी एका छताखाली राहत होती एवढे दिसले, तरी याचा दावा तेथेच संपतो. केरळमधील एका प्रकरणात तर असे सांगणारी खुद्द आई होती. घटस्फोटानंतर तिने महापालिकेच्या जन्मनोंदीत मुलाच्या पित्याचे नाव बदलून मागितले. खालच्या न्यायालयापासून उच्च न्यायालयापर्यंत तिचे म्हणणे फेटाळले गेले. पुढे तोच वाद पोटगीच्या निमित्ताने पुन्हा उभा राहिला. २८ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर पडदा टाकला. परपुरुषाशी संबंध होता असे क्षणभर धरले, तरी त्यामुळे पतीची संधी नाहीशी होत नाही. आणि जोवर मूल औरस आहे तोवर त्याचा पिता तोच पती. औरसपणा एकीकडे आणि पितृत्व दुसरीकडे, अशी फाळणी कायद्याला मंजूर नाही.

‘पण आता रक्ताची परीक्षा आहे ना?’ असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येईल, आणि तो योग्यच आहे. महाभारतात शकुंतला मुलाला घेऊन दुष्यंताच्या दरबारी गेली, राजाने ओळख नाकारली, आणि शेवटी आकाशातून वाणी झाली की हा तुझाच पुत्र. आजची ही अशरीरिणी वाणी प्रयोगशाळेतून होते. इंग्लंडमध्ये लेस्टर येथे अलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली डीएनएचे ठसे घेण्याची रीत शोधली. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील लालजी सिंग यांनी ती आपल्या देशातील न्यायालयांत आणली. तिचे तत्त्व सांगायला सोपे आहे. मुलाच्या पेशीतील वंशद्रव्याचा अर्धा वाटा आईकडून आणि अर्धा वडिलांकडून येतो. या द्रव्यात काही ठरावीक जागी छोटे छोटे तुकडे पुनःपुन्हा आलेले असतात, आणि ते किती वेळा आले हे माणसागणिक बदलते. अशा पंधरावीस जागा तपासायच्या. मुलाच्या प्रत्येक जागेवरील एक आकडा आईशी जुळवायचा, उरलेला संशयित पित्याशी. अनेक जागी तो जुळला नाही, तर हा पिता नव्हे हे निश्चित. सर्वत्र जुळला, तर तो पिता असल्याची शक्यता इतकी मोठी, की व्यवहारात शंका उरत नाही.

वाणी अशी स्पष्ट असताना न्यायालय कान का झाकते? याचे उत्तर देण्यासाठी महाराष्ट्रातील दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहिली पाहिजेत. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरीच्या दंडाधिकाऱ्यांकडे एका स्त्रीने स्वतःसाठी आणि मुलीसाठी पोटगी मागितली. पतीचे म्हणणे, आपला सहवासच नव्हता, मुलगी आपली नव्हे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नागपूरच्या प्रयोगशाळेने आणि नंतर हैदराबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेनेही तो पिता नाही असा अहवाल दिला. ६ जानेवारी २०१४ रोजी न्यायालयाने म्हटले, की १८७२ साली ही विद्या जगाला माहीत नव्हती. सत्य समोर उभे असता गृहीतकाला चिकटून राहता येणार नाही. हा निकाल वाचून अनेकांना वाटले, जुने कलम आता मोडीत निघाले.

तसे झाले नाही. पुण्यातील एका पतीने पत्नीच्या वर्तनाविषयी संशय घेऊन धाकट्या मुलाची रक्तपरीक्षा मागितली. कुटुंब न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने ती मंजूर केली. २० फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते हुकूम रद्द केले. त्या निकालात न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी या साऱ्या विषयाची दिशा पालटली असे म्हणता येईल. परीक्षा मागणारा पती, ती नाकारणारी पत्नी, दोघांचेही हक्क बाजूला ठेवून त्यांनी विचारले, की ज्याच्या अंगातून रक्त काढायचे त्या मुलाचे काय? आपल्या जन्माची चिकित्सा आईबापांच्या भांडणातील हत्यार म्हणून होऊ नये, हा त्याचा हक्क आहे. चंद्रपूरच्या प्रकरणात अहवाल आधीच हाती होता; तो डोळ्यांआड करणे ढोंग ठरले असते. पुण्याच्या प्रकरणात तो मागवायचा की नाही, हा प्रश्न होता. या दोहोंत पुष्कळ अंतर आहे, आणि ते न ओळखल्यामुळेच या निकालांविषयी एवढा गोंधळ माजतो.

याच न्यायमूर्ती त्यापूर्वी बंगळूरच्या उच्च न्यायालयात होत्या. तेथे २०२१ च्या जुलैत त्यांच्यासमोर एका तरुणाचे प्रकरण आले. राज्याच्या वीज पारेषण महामंडळातील त्याचे वडील २०१४ साली नोकरीत असतानाच वारले. अनुकंपा तत्त्वावर त्याने नोकरी मागितली. पहिली पत्नी असताना केलेल्या दुसऱ्या विवाहाचा मुलगा म्हणून ती नाकारण्यात आली. खंडपीठाने ती अट टिकू दिली नाही. आईबापांचे नाते अवैध असू शकेल, मूल कधीच अवैध नसते, असा त्या निकालाचा भावार्थ होता. कर्नाटकातूनच गेलेल्या दुसऱ्या एका वादात १ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा अपत्यांचा आईवडिलांच्या मालमत्तेतील वाटा, त्यात एकत्र कुटुंबातील पित्याच्या हिश्शाचाही, मान्य केला. पितृत्व हा बापाचा अधिकार कमी आणि मुलाचे संरक्षण अधिक, असा हा प्रवास आहे.

आता तिसरा प्रश्न, ताब्याचा. शेतजमिनीला आणि लेकराला एकच शब्द लावावा लागतो, हे कायद्याच्या मराठीचे दैन्य आहे; परंतु दुसरा शब्द रुळलेला नाही. पालकत्व आणि ताबा या भिन्न गोष्टी आहेत, हे बंगळूरच्याच एका प्रकरणात फार स्वच्छ दिसले. आई २००७ साली वारली. दोन मुले आजोळी राहिली. वडिलांनी पुढल्या वर्षी दुसरे लग्न केले आणि मुले मागितली. कुटुंब मुसलमान होते. पण १८९० चा पालक व पाल्य कायदा सर्व धर्मांना लागू आहे. पितृत्वाविषयी वाद नव्हता, पिता नालायक आहे असेही कोणी सिद्ध केलेले नव्हते. तरीही जानेवारी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अंतिम निर्णय होईपर्यंत मुले आजोळीच राहावीत, हा कर्नाटक उच्च न्यायालयाचा हुकूम कायम केला. मुलांनी आपली इच्छा न्यायालयाला सांगितली होती. तो पालक राहिला आणि ताबा दुसरीकडे राहिला. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

याच्या शेजारी बंगळूरचीच दुसरी हकीकत ठेवली म्हणजे तोल नीट कळतो. मे २०२० मध्ये चामराजपेठेतील महापालिकेच्या रुग्णालयातून एक नवजात मूल चोरीस गेले. वर्षभराने ते कोप्पळ येथील एका दांपत्याच्या घरी सापडले. सरोगसीने झालेले तुमचेच मूल, असे सांगून ते त्यांना पैसे घेऊन देण्यात आले होते, असे पोलिसांचे म्हणणे. जन्मदात्या आईबापांनी मूल मागितले. वाढवणारी आई उच्च न्यायालयात गेली. देवकीपेक्षा यशोदेचा अधिकार मोठा, असा युक्तिवाद तिच्या वतीने झाला. शिवाय जन्मदातीला आणखी दोन मुले आहेत, हिला एकही नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण दीक्षित यांनी हे मानले नाही. मुले म्हणजे ज्याच्याकडे कमी त्याला वाटून देण्याची चीजवस्तू नव्हे. आणि ज्यांनी मूल कधी टाकलेच नव्हते, ज्यांच्यापासून ते हिरावले गेले, त्यांचा हक्क वर्षभराच्या लालनपालनाने मावळत नाही. वाढवणाऱ्या आईने मूल न्यायालयातच हवाली केले. जन्मदातीने तिला सांगितले, की तुला वाटेल तेव्हा येऊन त्याला भेट. दोघींचे धर्म भिन्न होते. न्यायमूर्तींनी निकालात या वागण्याची मुद्दाम नोंद घेतली.

दोन्ही प्रकरणांत रक्त निर्विवाद होते, आणि निकाल मात्र दोन टोकांना गेले. फरक पडला तो मधल्या काळाने. तो काळ कसा गेला, कोणामुळे गेला, आणि त्या काळात मुलाची मुळे कोठे रुजली? परतून आलेल्या पित्याची खरी साक्ष याच प्रश्नांवर होते. दूर असताना पत्र पाठवले का, पैसे पाठवले का, आजारपणात चौकशी केली का, की कोणी त्याला उंबऱ्याबाहेरच अडवून ठेवले होते? त्याला भेटूच दिले नसेल, तर त्या दुराव्याचा दोष न्यायालय त्याच्या माथी मारीत नाही.

कार्यपद्धतीविषयी थोडेसे. अर्ज करायचा तो मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयात. पिता पुण्यात आणि मूल बंगळूरला असेल, तर पित्याने बंगळूर गाठायचे. १९८४ च्या कायद्याने आलेली कुटुंब न्यायालये आधी समेटाचा यत्न करतात. समुपदेशक दोन्ही घरांची माहिती घेतात. न्यायाधीश मुलाला दालनात बोलावून, आईबाप समोर नसताना, त्याच्याशी बोलतात. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याच्या पसंतीला वजन आहे. एक धोक्याची जागा मात्र येथे सांगितली पाहिजे. मधल्या काळात सावत्र पित्याने मुलाला विधिपूर्वक दत्तक घेतले असेल, तर जन्मदात्या घराशी असलेले मुलाचे कायदेशीर नाते तुटते आणि वैध दत्तविधान रद्द करता येत नाही. म्हणूनच त्या वेळी जन्मदात्या पित्याची संमती घेतली होती की नाही, हा मुद्दा पुढे कळीचा ठरतो.

बहुतेक प्रकरणांत पूर्ण ताबा लगेच मिळत नाही. मिळते ती भेटीची मुभा: प्रथम तासाभराची, न्यायालयाच्या आवारात किंवा कोणा तिसऱ्याच्या देखत, मग रविवारचा अर्धा दिवस, मग सुटीतले काही दिवस. दहा वर्षांच्या मुलीला एक अनोळखी गृहस्थ ‘मी तुझे बाबा’ म्हणतात, तेव्हा तिने त्यांना अहो म्हणावे की अरे, हेही तिला ठाऊक नसते. ते ठरायला वेळ लागतो, आणि तो वेळ न्यायालय हुकुमाने कमी करू शकत नाही. ताब्याचा कोणताही हुकूम अखेरचा नसतो, हे १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे. परिस्थिती बदलली, मूल मोठे झाले, भेटी चांगल्या गेल्या, की तोच अर्ज पुन्हा करता येतो. मूल अठरा वर्षांचे झाले म्हणजे हे सारे कागद निकालात निघतात, आणि कोणाकडे जायचे ते ते स्वतः ठरवते.